लागलं की नाही? नेमबाजाला लगेच उत्तर देणाऱ्या टार्गेटची गोष्ट

जत्रेत किंवा चौपाटीवर तुम्ही कधी ना कधी फुगे फोडले असतीलच. लाकडी फळीवर रंगीबेरंगी फुग्यांच्या ओळी, हातात जुनी एअरगन आणि मागे उभी असलेली घरची मंडळी. घोडा दाबला की दोनच गोष्टी होतात. ‘फट्‌’ असा आवाज येतो आणि सगळे ओरडतात, नाहीतर काहीच होत नाही आणि कोणीतरी हसतं. नेम लागला की नाही हे कोणालाच विचारावं लागत नाही. फुगाच सांगतो.

ही गोष्ट इतकी साधी वाटते की आपण तिचा विचारच करत नाही. पण नेमबाजीच्या खेळात ‘लागलं की नाही’ या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी माणसाने गेल्या दीडशे वर्षांत काय काय उपाय केले हे वाचलंत तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. काचेचे गोळे, लाल झेंडे, रंगीत पूड, कान लावून बसलेले मायक्रोफोन, हिरवे दिवे. आणि एवढं सगळं करूनही एखाद्या खेळाडूचं सुवर्णपदक या एका प्रश्नावर अडलेलं आपण अगदी अलीकडे पाहिलं आहे.

चला तर मग, फुग्यापासून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास पाहूया. शेवटी मुलांसोबत घरी करता येईल असा एक छोटा प्रयोगही आहे. तो मात्र नक्की करून बघा.

काळ्यावर काळं भोक

आधी अडचण काय आहे ते समजून घेऊ. १० मीटर एअर रायफल या प्रकारात टार्गेटच्या मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. म्हणजे पेनाने कागदावर टेकवलेल्या टिंबाएवढा. त्यावर झाडायचा छर्रा असतो साडेचार मिलिमीटरचा. नेमबाज दहा मीटरवरून हा ठिपका पाहूच शकत नाही. त्याला दिसतो तो फक्त जेमतेम तीन सेंटिमीटरचा काळा गोल.

आता त्या काळ्या गोलात छर्ऱ्याने भोक पाडलं, तर ते भोकही काळंच दिसतं. म्हणजे नेम जितका चांगला, तितकं भोक दिसणं कठीण! पांढऱ्या भागात गेलेला वाईट शॉट लगेच नजरेत भरतो आणि चांगला शॉट मात्र काळ्यात हरवून जातो.

म्हणूनच सरावासाठी एक वेगळ्या प्रकारचं टार्गेट निघालं. त्यावर वरचा थर काळा असतो आणि त्याखाली झगझगीत पिवळा किंवा पोपटी रंग दडलेला असतो. गोळी लागली की भोकाभोवतीचा काळा थर उडतो आणि आतला रंग फुलासारखा उमलून दिसतो. दुर्बिणीशिवाय, लांबूनही कळतं की गोळी कुठे लागली. युक्ती अगदी साधी आहे, पण नवशिक्यांना तिचा मोठा आधार वाटतो.

खंदकातला माणूस आणि लाल झेंडा

असे कागद नव्हते तेव्हा काय करत असतील? तेव्हा हे काम माणसं करत.

लांब पल्ल्याच्या रायफल रेंजवर टार्गेटच्या खाली खंदक असतो. त्यात सुरक्षित बसलेले लोक प्रत्येक गोळीनंतर टार्गेट खाली ओढतात, भोक शोधतात, त्यात ठळक रंगाची चकती अडकवतात आणि टार्गेट पुन्हा वर चढवतात. शेकडो मीटर दूर असलेल्या नेमबाजाला त्या चकतीवरून कळतं की आपली गोळी कुठे गेली. अनेक ठिकाणी आजही ही पद्धत चालते.

आणि गोळी टार्गेटला लागलीच नाही तर? अमेरिकन सैन्याच्या रेंजवर त्यासाठी खंदकातून लाल झेंडा हलवला जायचा. सैनिकांनी त्या झेंड्याला ‘मॅगीची चड्डी’ असं टोपणनाव ठेवलं होतं. सगळ्या पलटणीसमोर तो झेंडा हलला की बिचाऱ्या जवानाची काय अवस्था होत असेल, याचा विचार करा.

छोट्या पल्ल्याच्या रेंजवर कागदी टार्गेट तारेवरून सरकत नेमबाजाकडे परत येत असे. एखादा शॉट नऊचा की दहाचा असा वाद झाला, की पंच भोकात एक छोटं माप घालून भिंगातून बघत आणि निकाल देत. भारतातल्या अनेक जुन्या नेमबाजांनी अशाच कागदांवर खेळाचे धडे गिरवले. तेव्हा सगळ्यांकडे एक गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे धीर. शॉट मारायचा आणि निकालाची वाट पाहायची.

कबुतराकडून मातीच्या चकतीकडे

उडत्या लक्ष्यावर नेम धरण्याच्या खेळाचा इतिहास थोडा क्रूर आहे. पूर्वी या खेळात खरीखुरी जिवंत कबुतरं सोडली जात. १९०० साली पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने जिवंत कबुतरांवर नेमबाजीची स्पर्धा झाली होती, हे आज वाचतानाही अंगावर काटा येतो. लक्ष्याला लागलं की नाही हे कळायचं, पण त्याची किंमत एका मुक्या जिवाने मोजलेली असायची.

मग पर्याय शोधले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काचेचे पोकळ गोळे हवेत उडवून त्यांवर नेम धरायची टूम निघाली. गंमत म्हणजे काही गोळ्यांमध्ये पिसं भरलेली असत. गोळा फुटला की पिसं हवेत उधळायची आणि प्रेक्षकांना दुरूनही समजायचं, ‘लागलं!’ पण मैदानभर काचा पडायच्या त्याचं काय?

१८८० मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची चपटी चकती आणली. ती ताटलीसारखी तरंगत जायची, अगदी उडत्या पक्ष्यासारखी. तिचं नाव पडलं ‘क्ले पिजन’, म्हणजे मातीचं कबुतर. खरं कबुतर खेळातून गेलं, नाव तेवढं उरलं. सुरुवातीच्या भाजलेल्या चकत्या मात्र फारच टणक होत्या. छर्रे लागूनही काही फुटायच्या नाहीत. लक्ष्य वेधलं, पण लक्ष्य कबूलच करत नाही, अशी गत!

आजची चकती डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची पूड मिसळून बनवतात. व्यास ११ सेंटिमीटर, वजन साधारण १०५ ग्रॅम. तिच्याकडून अपेक्षा मोठी विचित्र आहे. यंत्राने वेगाने भिरकावली तरी ती फुटता कामा नये आणि बारीकसे छर्रे लागले की मात्र लगेच फुटली पाहिजे. मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीत या चकतीत रंगीत पूड भरतात. फुटताच आकाशात रंगाचा छोटा ढग उठतो. टीव्हीसमोर बसलेल्या आजीलाही कळतं की नेम बरोबर बसला.

याच चकत्यांच्या खेळात, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅप प्रकारात भारताला रौप्यपदक मिळवून दिलं. तेव्हा तुमच्या घरात टीव्ही चालू असेल, तर एका पाठोपाठ एक फुटणाऱ्या त्या चकत्या तुम्हाला आठवत असतील.

पांढरी होणारी, हिरवी होणारी

काही खेळांमध्ये नेमबाजाला थांबून निकाल पाहायला वेळच नसतो. बायथलॉन हा असाच एक खेळ आहे. त्यात बर्फावर स्कीइंग करायचं, धापा टाकत रेंजवर यायचं, रायफल काढायची आणि ५० मीटरवरच्या पाच लक्ष्यांवर नेम धरायचा. झोपून नेम धरताना लक्ष्य फक्त साडेचार सेंटिमीटरचं असतं, उभ्याने धरताना साडेअकरा सेंटिमीटरचं. गोळी लागली की काळ्या गोलाच्या जागी पांढरी चकती येते. पाचही पांढरे झाले की पुढे पळायचं. एखादा काळाच राहिला तर काही प्रकारांत दीडशे मीटरचा जादा फेरा मारावा लागतो. सगळं स्टेडियम त्या पाच गोलांकडे डोळे लावून बसलेलं असतं. खेळाचे नियम ठाऊक नसलेला माणूसही पाच मिनिटांत त्यात रंगून जातो.

मॉडर्न पेन्टॅथलॉनमध्ये तर आता गोळीच नसते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून तिथे लेझर पिस्तुल आलं. नेम लागला की टार्गेटवर हिरवा दिवा लागतो. पाच हिरवे दिवे लागले की खेळाडू पळत सुटतो.

आपल्याला जास्त जवळचा असलेला प्रकार म्हणजे महिलांचा २५ मीटर पिस्तुल. त्याच्या अंतिम फेरीत गुणांची बेरीज नसते. १०.२ किंवा त्याहून चांगला शॉट म्हणजे ‘हिट’, नाहीतर ‘मिस’. १०.१ आला तरी शून्यच! २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांची या प्रकारात थायलंडच्या खेळाडूशी बरोबरी झाली. शूट ऑफ झाला, त्यातही बरोबरी. पुन्हा शूट ऑफ झाला आणि राही जिंकल्या. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. ‘हिट’ आणि ‘मिस’ या दोन शब्दांवर एवढं सगळं अवलंबून होतं.

टार्गेटला कान असतात

आजच्या मोठ्या रेंजवर कागद मोजायला कोणी बसत नाही. साधारण १९९० च्या दशकापासून मोठ्या स्पर्धांमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेट रुळलं. त्यातल्या एका प्रकाराला चक्क ‘कान’ असतात.

टार्गेटच्या चौकटीत मायक्रोफोन बसवलेले असतात. छर्रा आत शिरताना जो आवाज होतो तो प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत पोहोचायला सूक्ष्मसा वेगळा वेळ लागतो. जवळच्या मायक्रोफोनला आधी, लांबच्याला नंतर. या वेळेतल्या फरकावरून संगणक छर्रा नेमका कुठून गेला ते शोधतो आणि क्षणात नेमबाजाच्या बाजूच्या स्क्रीनवर ठिपका उमटतो. विजा चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला यावरून आपण वीज किती लांब पडली याचा अंदाज बांधतो ना, साधारण तसंच. दुसऱ्या प्रकारच्या टार्गेटमध्ये हेच काम प्रकाशकिरण करतात.

यामुळे एक मोठा बदल झाला. पूर्वी दहा म्हणजे दहा. आता दहाचेही भाग मोजता येतात, १०.० पासून १०.९ पर्यंत. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा शेवटच्या शॉटसाठी उभे राहिले तेव्हा फिनलंडच्या नेमबाजाशी त्यांची बरोबरी होती. बिंद्रांचा शॉट होता १०.८, समोरच्याचा ९.७. भारताला वैयक्तिक स्पर्धेतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं.

आवाजाचा आणखी सुंदर उपयोग दृष्टिहीन नेमबाजांसाठी केला जातो. त्यांना कानातल्या हेडफोनमधून एक सूर ऐकू येतो. रायफलीचा रोख मध्याच्या जितका जवळ जाईल तसा सूर बदलतो. ते कानाने नेम धरतात. म्हणजे ‘लागलं की नाही’ याचं उत्तर डोळ्यांनीच मिळायला हवं असंही नाही.

टार्गेट गप्प राहिलं तेव्हा

आता एक खरी गोष्ट ऐका. २००४, अथेन्स. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तीन गुणांनी आघाडीवर होता. फक्त एक शॉट उरला होता. साधारण बरा शॉट मारला तरी सुवर्णपदक पक्कं होतं.

त्याने नेम धरला, गोळी झाडली आणि स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर काहीच नाही. ठिपका नाही, आकडा नाही. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. त्याने पंचांना बोलावलं. पंचांनी पाहिलं, चर्चा केली आणि मग जे समोर आलं त्याने सगळे सुन्न झाले. एमन्स दुसऱ्या क्रमांकाच्या जागेवर उभा होता, पण त्याने गोळी मारली होती शेजारच्या, तिसऱ्या क्रमांकाच्या टार्गेटवर! शॉट चांगला होता, ८.१ चा. टार्गेट मात्र दुसऱ्याचं होतं. म्हणून त्याला मिळाला शून्य. पहिल्या क्रमांकावरून तो थेट आठव्यावर फेकला गेला.

यंत्र बिघडलं नव्हतं. टार्गेट गप्प होतं, कारण त्याला खरंच काही लागलं नव्हतं.

त्या संध्याकाळी चेक प्रजासत्ताकाची नेमबाज कातेर्झिना कुर्कोवा त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याला धीर दिला. ओळख वाढली आणि २००७ मध्ये दोघांनी लग्न केलं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कातेर्झिनाने सुवर्ण जिंकलं. त्याच ऑलिंपिकमध्ये त्याच प्रकारात मॅथ्यू पुन्हा एकदा आघाडीवर असताना शेवटच्या शॉटला चुकला आणि पदक हुकलं. तरीही तो खेळत राहिला. २०१२ मध्ये लंडनला त्याच प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवलं. आठ वर्षं एकाच जखमेवर खपली धरू द्यायची आणि पुन्हा त्याच जागी उभं राहायचं, याला काय म्हणावं?

एका तुकड्याचा प्रश्न

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची आहे. २०२४, पॅरिस. महिलांच्या स्कीट प्रकाराची अंतिम फेरी. ब्रिटनची अ‍ॅम्बर रटर आणि चिलीची फ्रान्सिस्का क्रोव्हेटो यांच्यात सुवर्णपदकासाठी शूट ऑफ सुरू होता. अ‍ॅम्बरचं बाळ तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचं होतं. त्याआधीच्या टोकियो ऑलिंपिकला कोरोनाची लागण झाल्यामुळे तिला जाताच आलं नव्हतं.

शूट ऑफमध्ये तिच्या एका चकतीला पंचांनी ‘मिस’ दिलं. अ‍ॅम्बरला वाटलं, लागली आहे. तिने दाद मागितली. टीव्हीवरच्या संथ चित्रणातही चकतीला लागल्यासारखं दिसत होतं. पण त्या स्पर्धेत व्हिडिओ पाहून निर्णय बदलण्याची सोय नव्हती. निर्णय कायम राहिला. सुवर्ण क्रोव्हेटोला मिळालं, ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती चिलीची पहिली महिला ठरली. अ‍ॅम्बरला रौप्य मिळालं.

नियम असा आहे की चकतीचा निदान एक तरी तुकडा वेगळा होताना पंचांना दिसला पाहिजे. नुसती धूळ उडाली तर ते ‘हिट’ धरत नाहीत. म्हणजे लागणं पुरेसं नाही, लागलेलं दिसलं पाहिजे. क्रिकेटमध्ये आपण एका एलबीडब्ल्यूसाठी तीन तीन वेळा चित्रण पाहतो. इथे मात्र उडत्या चकतीचा फैसला उघड्या डोळ्यांवर होता.

स्पर्धा संपल्यावर अ‍ॅम्बरला प्रेक्षकांत एक सुखद धक्का मिळाला. तिचा नवरा तिला न सांगता बाळाला घेऊन आला होता. गळ्यात रौप्यपदक आणि कुशीत बाळ, असे तिचे फोटो जगभर गेले. निकालावर ती नाराज होती, पण क्रोव्हेटोच्या आनंदात तिने विघ्न आणलं नाही.

स्क्रीन मदत करते की गोंधळ घालते?

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, की उत्तर जितकं लवकर आणि जितकं स्पष्ट मिळेल तितकं चांगलं. शिकण्याच्या सुरुवातीला हे खरंच आहे. फुगा फुटला की मूल आनंदाने उडी मारतं आणि पुन्हा बंदूक मागतं. पहिल्या दिवशीच त्याला फक्त कागदावरचे ठिपके मोजायला लावले तर ते कंटाळून निघून जाईल.

पण थोडी प्रगती झाली की हेच उत्तर अडचण करू लागतं. शॉट मारला रे मारला की नजर स्क्रीनकडे जाते. काही वेळा तर शॉट सुटण्याआधीच डोकं वर होतं. नेमबाजीत गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच स्थिर राहावं लागतं. निकाल पाहायच्या घाईत तो क्षण हातातून जातो आणि शॉट बिघडतो. ८ आला की मन खट्टू होतं, मग पुढचा शॉट ‘भरून काढण्यासाठी’ मारला जातो आणि तोही जातो.

म्हणून अनुभवी प्रशिक्षक अधूनमधून स्क्रीन बंद करून सराव घेतात. कधी टार्गेटच्या जागी कोरा पांढरा कागद लावतात, कधी गोळी न भरता नुसता घोडा दाबण्याचा सराव करून घेतात. आणखी एक चांगली सवय लावली जाते. शॉट मारल्यावर स्क्रीन न पाहता खेळाडूने आधी स्वतः सांगायचं, ‘थोडा उजवीकडे खाली गेला.’ मग स्क्रीन बघायची. अंदाज आणि ठिपका जुळू लागले की समजायचं, या खेळाडूच्या आतच एक टार्गेट तयार झालं आहे. रोज जुळत नाही, पण न जुळणंही काहीतरी शिकवून जातं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे आठवतो ना? २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. हा तोच प्रकार, ज्यात एमन्सचा घात झाला होता. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तब्बल ७२ वर्षांनी. अंतिम फेरीनंतर त्याने सांगितलं होतं की तो स्कोअरबोर्डकडे पाहत नव्हता. सगळा देश ज्या आकड्यांकडे श्वास रोखून पाहत होता, ते आकडे पाहण्याची त्याला गरज वाटली नाही. त्याचं लक्ष श्वासावर होतं आणि पुढच्या शॉटवर.

मुलांचं दुसरं टार्गेट

आता थोडं आपल्याबद्दल बोलूया, म्हणजे आई-बाबा, आजी-आजोबा आणि मोठ्या ताई-दादांबद्दल.

मुलं फक्त स्क्रीनवरच उत्तर शोधत नाहीत. ती मागे वळून आपला चेहराही बघतात. नेमबाजी असो, चित्रकलेची स्पर्धा असो किंवा गणिताची चाचणी, काम झालं की त्यांची नजर आधी आपल्याकडे येते. आपल्या कपाळावरची आठी म्हणजे त्यांच्यासाठी लाल झेंडा आणि आपलं हसू म्हणजे हिरवा दिवा. दर मिनिटाला हा दिवा चालू-बंद होत राहिला तर मूल कामाकडे कमी आणि आपल्या चेहऱ्याकडे जास्त बघायला लागतं.

कौतुक करू नका असा याचा अर्थ अजिबात नाही. लहान मुलाला फुगा फुटल्याचा आनंद हवाच. फक्त थोडं मोठं झाल्यावर निकाल सांगण्याआधी त्यालाच विचारा, ‘तुला काय वाटतं, कसं झालं?’ आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या. हा प्रश्न विचारायला काहीच खर्च नाही.

घरी करून बघा

यासाठी लागेल एक बादली, मोज्यांचे गुंडाळून केलेले पाच-सहा चेंडू आणि एक चादर.

पहिल्या फेरीत बादली समोर ठेवा आणि मुलांना चेंडू टाकू द्या. किती आत गेले ते मोजा. चेंडू पडल्याचा आवाज यावा म्हणून बादलीत एखादी थाळी ठेवलीत तर आणखी मजा येईल.

दुसऱ्या फेरीत दोन खुर्च्यांवर चादर टाकून बादलीच्या पुढे पडदा करा. बादलीचा वरचा काठही दिसणार नाही एवढा. थाळी काढून टाका. आता चेंडू पडद्यावरून टाकायचा आणि लगेच सांगायचं, ‘आत गेला’, ‘डावीकडे गेला’, ‘पुढे गेला’. दुसऱ्याने पडद्यामागे बसून खरं काय झालं ते कागदावर लिहायचं, बोलायचं मात्र नाही. पाच चेंडू झाले की दोन्ही उत्तरं ताडून पहा.

या फेरीत गुण चेंडू आत गेल्याचे नाहीत, अंदाज बरोबर आल्याचे! बाहेर गेलेला चेंडू ‘बाहेर गेला’ असं बरोबर सांगणाऱ्यालाही पूर्ण गुण द्या. आजोबांनाही खेळायला बसवा. मोठी माणसंच इथे जास्त चुकतात का, ते तुम्हीच बघा.

मजा करा, पण जपून

टार्गेट फुटण्याची, उडण्याची, चमकण्याची मजा वेगळीच असते, पण तिथेच धोकाही असतो. हे मुद्दे लक्षात ठेवा:

• एअरगन हे खेळणं नाही. तिचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. जत्रेतल्या स्टॉलवरही मुलांना फळीच्या जवळ किंवा बाजूला उभं राहू देऊ नका.

• घरच्या घरी दगड, लोखंडी डबा किंवा काचेची बाटली टार्गेट म्हणून लावू नका. टणक वस्तूवरून छर्रा उलटून येतो आणि काचेचे तुकडे कुठेही उडतात.

• पक्षी, कुत्री, मांजरं यांच्यावर नेम धरणं हा खेळ नाही. तो गुन्हा आहे. जिवंत कबुतरं ऑलिंपिकमधून केव्हाच बाहेर गेली.

• मुलाला खरंच आवड असेल तर जिल्ह्याच्या रायफल क्लबमध्ये चौकशी करा. तिथे डोळ्यांचा चष्मा, कानांचं संरक्षण, प्रशिक्षक आणि नियम सगळं असतं.

• स्फोट होणारी टार्गेट हा परदेशातला प्रकार व्हिडिओत पाहून कोणी मोहात पडू नये. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात एका समारंभात, येणारं बाळ मुलगा आहे की मुलगी हे जाहीर करण्यासाठी रंगीत पुडीच्या स्फोटक टार्गेटवर गोळी झाडली गेली. कोरड्या गवताने पेट घेतला आणि सुमारे ४७ हजार एकर जमीन जळाली. आपल्याकडे तर गर्भलिंग तपासणीच बेकायदा आहे. पण केवळ ‘दिसायला भारी’ म्हणून केलेल्या गोष्टीची किंमत केवढी असू शकते, ते यातून कळतं.

जाता जाता

पिसं भरलेल्या काचेच्या गोळ्यापासून कान असलेल्या टार्गेटपर्यंत माणसाने एकाच प्रश्नाचा पाठलाग केला, लागलं की नाही? यंत्रं आता हे उत्तर मिलिमीटरच्याही बारीक भागात देतात. तरी एमन्सला आपण शेजारच्या टार्गेटवर नेम धरतोय हे कोणत्याच यंत्राने आधी सांगितलं नाही आणि अ‍ॅम्बरच्या चकतीवर शेवटचा शब्द माणसाच्या डोळ्यांचाच राहिला.

पुढच्या वेळी टीव्हीवर नेमबाजीची अंतिम फेरी लागली, तर आकड्यांसोबत खेळाडूच्या चेहऱ्याकडेही बघा. गोळी सुटल्यानंतर आणि आकडा उमटण्याआधी जो अर्धा क्षण असतो, त्यात अनेकदा त्याला उत्तर आधीच कळलेलं असतं. आणि हो, मोज्यांच्या चेंडूंचा खेळ तुमच्या घरात कोण जिंकलं ते आम्हाला नक्की कळवा.